गेली म्हणजे

शाळेच्या फाटकाबाहेरची सकाळ चष्मेवाल्याला कधी मानवली नाही. घंटा होऊन जाई, मुलं आत पांगत, पण पालक जागचे हलत नसत. सायकली स्टँडवर, पिशव्या कोपराला, आणि घोळक्याघोळक्यांनी कुजबुज चालू. कुणाच्या मुलाला शिकवणी लावली आहे, कुणाची चित्रं खरं तर घरूनच काढून येतात, बाईंच्या टेबलाशेजारच्या बाकावर कुणाची वर्णी लागली. तो यांतल्या कुठल्याच घोळक्याचा नव्हता. पण तो जवळून जाऊ लागला की प्रत्येक घोळका जरासा उघडे, आणि बोलणाऱ्यांचे आवाज आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखे खाली येत. तेच त्याला सोसत नसे.

"या, या," बेकरीवाला त्याच्या हातात गरम पावाची पिशवी कोंबी. त्याचा मुलगाही त्याच वर्गात होता. "नाही म्हणू नका हो. तुमच्या घशाखाली नाही उतरलं तरी पोरीला लागतं ना?"

पिशवीची ऊब तळहातात घेऊन तो दुकानाच्या वाटेला लागे. चांगुलपणाची ऊब इतकी चटका देणारी असू शकते हे त्याला या शाळेनं शिकवलं होतं.

आणि हे सगळं एका क्रियापदामुळे झालं होतं.

वर्षाच्या मध्यावर तो या भागात राहायला आला. मुलीला नव्या शाळेत घातलं. तिचं पाळण्यातलं नाव काहीही असो, घरीदारी ती खारूच होती. खिशात खडूचे तुकडे, बटणं, पेन्सिलीची टोपणं असं काय काय साठवून ठेवण्याची तिची खोड होती. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात बाईंनी खारूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सहज विचारलं, "आणि हिची आई?"

तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "ती गेली."

तेच तर झालं होतं. एका दुपारी तिनं बॅग भरली, खिडक्या लावून घेतल्या, गॅस बंद आहे ना पाहिलं, आणि ती गेली.

बाईंचा हात तोंडाशी गेला. "अरे देवा! कधी?"

"उन्हाळ्याच्या शेवटी."

"म्हणजे इतक्यातच! एकाएकी?"

"नाही. बरेच दिवस चाललं होतं."

"फार त्रास झाला असेल हो त्यांना."

"हो," तो म्हणाला. "तिला फार झाला."

शब्दन् शब्द खरा होता. पण शेवटच्या वाक्याच्या वेळी त्यानं मान वर केली, बाईंच्या डोळ्यांत पाणी पाहिलं, आणि त्याला कळलं. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना तो दिवसभर एकच प्रश्न विचारत असे: आधीचं बरं की हे? त्या दारात तसंच एक भिंग क्षणभर त्याच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे आलं. एक 'निघून' पुढे जोडलं असतं तर काम झालं असतं. निघून गेली. पण बायको सोडून गेलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते त्यानं जुन्या गल्लीत पुरतं भोगलं होतं. याचंच काहीतरी चुकलं असणार, अशी चाचपणारी नजर. आणि बायको वारलेल्या माणसाला लोक बसायला खुर्ची देतात. तो थकलेला होता. खुर्ची समोर होती. तो बसला.

गप्प बसणं हा त्याचा जुना रोग. "तुझ्याशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकण्यासारखं आहे," बायको म्हणायची, "आवाज यायची वाट बघत बसायचं, आणि विहिरीला तळच नाही." शेवटी ती वाट बघून दमली होती. आता त्याच गप्प बसण्यानं तिला मारूनही टाकलं होतं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती दुसऱ्या शहरात, एका ऑफिसात हिशेब तपासायच्या कामाला होती, आणि दर रविवारी न चुकता खारूला फोन करत होती.

शाळेनं मात्र मनापासून दया केली. खारूच्या वर्गातून 'आई' हा शब्दच हद्दपार झाला. 'माझी आई' या विषयावरचं चित्र 'माझ्या घरातलं माणूस' झालं. डब्यात काय आहे विचारताना बाई "कुणी करून दिलं?" एवढंच विचारत. वार्षिक कार्यक्रमासाठी बाईंनी आकाशाचं एक छोटं गीतनाट्य बसवायला घेतलं होतं. त्यात हरवलेली चांदणी "आई, मी इथे आहे" अशी हाक मारी. सगळ्यांनी मिळून गायची ती हाक "ताई, मी इथे आहे" झाली. आणि स्टुलावर सगळ्यांच्या वर उभं राहून गाण्याला सुरुवात करणारा चंद्र, जो आधी दुसऱ्याच मुलीला मिळाला होता, तो खारूला मिळाला.

"बाबा," खारूनं एकदा भात कालवता कालवता विचारलं, "माझ्यासमोर कुणी आई का म्हणत नाही?"

"म्हणत असतील गं. तुझं लक्ष नसेल."

"नाही. म्हणायला लागतात आणि मग खोकतात."

त्यानं तिला पाणी हवंय का विचारलं.

पुढे एकदा बाईंनीच त्याला बाजूला घेतलं. "खारू सांगते, आईचा फोन आला, आई असं म्हणाली, आई तसं म्हणाली. आम्ही टोकत नाही हं. मूल आपल्या परीनं सावरत असतं." त्यांनी त्याच्या दंडाला हलकेच हात लावला. "तुम्हीही टोकू नका."

तो "बरं" म्हणाला. मुलीचं खरं बोलणं अख्ख्या शाळेनं मायेनं भ्रमात जमा केलं होतं, आणि त्यावर सही त्याची होती.

चंद्र जिच्या हातून गेला तिची आई म्हणजे मॉनिटर. हे नाव बाकीच्या पालकांनी पाठीमागे ठेवलेलं. समोर सगळे "ताई, ताई" करत. सहलीची बस कुठली, गणवेशाचं कापड कुठलं, कुणाच्या वाढदिवसाला कुणी जायचं, सगळं तिच्या होकारानं चाले. एका पालकसभेत तिनं उभं राहून सुनावलं होतं, "मुलांना एवढ्याशा वयात चष्मे लागतात ते आईबापांच्या आळसामुळे. मोबाईल हातात दिला की यांची सुटका! आमच्याकडे बघा." ज्यांच्या मुलांना चष्मे होते त्यांनी त्या दिवशी माना खाली घातल्या होत्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, रस्ता सुस्तावलेला असताना, तीच मॉनिटर मुलीचा दंड धरून त्याच्या दुकानात शिरली आणि काचेचं दार तिनं स्वतःच लोटून घेतलं. "जरा बघा हिचं. असंच. काही नसणारच."

मुलीनं भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवली. तिच्या दोन वेण्या तालात हलत होत्या. फक्त ती अक्षरं त्या तक्त्यावर नव्हतीच. ती शाळेत डोळे तपासायला आलेल्या लोकांच्या तक्त्यावरची होती. पोरीनं तो तक्ता पाढ्यांसारखा पाठ केला होता. चष्मेवाल्यानं तिच्या नाकावर तपासणीची चौकट ठेवली, एकेक भिंग सरकवलं. पोरगी रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत म्हणाली, "आई, त्याला पानं आहेत! वेगवेगळी!"

मॉनिटर खाली बघत राहिली. फ्रेम तिनं निवडली, पण चष्मा तयार झाल्यावर न्यायला आली नाही. "राहू दे तुमच्याकडेच. कार्यक्रम होऊन जाऊ दे," तिनं फाटकापाशी पुटपुटत सांगितलं. "आणि हे आपल्यातच."

चष्मा ड्रॉवरमध्ये पडून राहिला. दुसऱ्याचं खोटं सांभाळणं त्याला सोपं गेलं. स्वतःच्या खोट्याशेजारी त्यालाही जागा होती.

कार्यक्रम तोंडावर आला आणि रविवारच्या फोनवर खारूची आई म्हणाली की ती चंद्र बघायला येणार. रजा मिळाली होती. खारू घरभर नाचली. चष्मेवाला स्वयंपाकघरात जाऊन एकच भांडं पुन्हा पुन्हा विसळत राहिला.

सोमवारी खारू शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच दुकानाच्या स्टुलावर बसली. रडली नव्हती. खिशातली बटणं काढून काउंटरवर एका रांगेत लावत तिनं विचारलं, "बाबा, मेलेली माणसं फोन करतात?"

त्याच्या हातातलं भिंग घासायच्या फडक्यातच राहिलं.

"कोण म्हणालं?"

"दोन वेण्यावाली. मी म्हटलं, माझी आई येणारे. तर ती म्हणाली, तुझी आई मेलीय, सगळ्यांना माहितीय, तू खोटारडी आहेस. मग सगळेच म्हणाले. बाई म्हणाल्या, तिला बोलू नका रे, तिला तसं वाटतं." खारूनं मान वर केली. "मला तसं वाटतं म्हणजे काय?"

"त्यांचा गैरसमज झालाय, बेटा."

"मग सांग ना त्यांना."

"सांगतो."

"उद्या?"

"सांगतो म्हटलं ना!" त्याचा आवाज चढला आणि खारूनं बटणं गोळा करून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी तो फाटकापाशी लवकर गेला. वाटेत वाक्य तयार केलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. बेकरीवाला हसत पुढे आला. "आज गोड पाव आहे, खारूताईसाठी खास." चष्मेवाल्यानं तोंड उघडलं. "अहो, मला जरा एक—" आणि पावाची पिशवी हातात आली. वाक्य विरघळून गेलं. तेवढ्यात मॉनिटरनं त्याला नजरेनंच भिंतीच्या कडेला बोलावलं.

"तुमचं बरं आहे हो," ती हळू आवाजात म्हणाली. चेहऱ्यावर हसू होतं, लांबून बघणाऱ्याला वाटावं कार्यक्रमाचंच बोलणं चाललंय. "माझ्या नणंदेच्या ऑफिसात एक बाई आहेत. हिशेब तपासतात. गेल्या आठवड्यात रजा मागत होत्या, मुलगी नाटकात चंद्र झालीय म्हणून. शाळेचं नावही सांगितलं त्यांनी." ती थांबली. "मला सांगा, मेलेली माणसं जेवणाच्या सुट्टीत डबा खातात का हो?"

"ती मेली असं मी म्हणालो नव्हतो."

"मग काय म्हणालात?"

"गेली म्हणालो."

मॉनिटर खरंच हसली. मग तिचं हसू आवळलं. "हे बघा, मला कुणाच्या घरात डोकवायचं नाही. खारूला बरं नाही म्हणा, घसा बसलाय म्हणा. चंद्र आमच्याकडे परत येऊ दे. तो होताच आमचा. खारूची आई आली तरी मी सांभाळून घेईन, मावशी आहे म्हणून सांगू. मी गप्प, तुम्ही गप्प." आणि दुसरीकडे बघत, "ते ड्रॉवरमधलंही तसंच राहू दे."

"विचार करतो," तो म्हणाला.

दिवसभर त्याचं कामात चित्त लागलं नाही. एका म्हातारबांना त्यानं डाव्याचं भिंग उजवीकडे बसवून दिलं. ते बिचारे दारातच पायरीला अडखळून परत आले. आधीचं बरं की हे? आधीचं बरं की हे? संध्याकाळी भाजी निवडताना त्यानं खारूला जपून विचारलं, "समजा, तू चंद्र नाही झालीस आणि नुसता ढग झालीस, तर?"

"आई चंद्र बघायला येणारे," खारू म्हणाली. आणि थोड्या वेळानं, त्याच्याकडे न बघता, "येणारे ना? आहे ना ती?"

शेंगा निवडणारे त्याचे हात थांबले. पोरीनं स्वतःच्या कानांनी ऐकलेला आवाज आता तिला खात्रीचा वाटेनासा झाला होता.

तालमीच्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत पालक पुठ्ठ्याचे ढग कापत बसले होते. डिंकाचा वास, कात्र्यांचा कुरकुराट, जमिनीवर चंदेरी कागदाच्या चिंध्या. बेकरीवाला कापसाचा ढग आपल्या टकलावर ठेवून मुलांना हसवत होता. खारू स्टुलावर चढली. दोन वेण्यावाली खाली ढगांच्या रांगेत डोळे किलकिले करून उभी होती, बाईंच्या हाताची खूण तिला दरवेळी जराशी उशिरा कळत होती. मॉनिटरनं चष्मेवाल्याकडे बघून भुवई उचलली: काय ठरलं?

पेटी वाजली. मुलं गाऊ लागली. हाकेची ओळ आली, सगळ्यांनी 'ताई' म्हटलं आणि सगळ्यांच्या वरून एकच बारीक, ताठ आवाज म्हणाला, "आई, मी इथे आहे."

गाणं फाटल्यासारखं थांबलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाळा," बाई मऊपणे म्हणाल्या, "ताई म्हणायचंय ना आपण?"

"ती मुद्दाम करते," दोन वेण्यावाली म्हणाली. "खोटारडी!"

"ए, असं बोलू नये," दोघी-तिघी आया एकदम म्हणाल्या, पण त्या आवाजातही तीच कीव होती. खारूनं कुणाकडे पाहिलं नाही. स्टुलावरून तिनं सरळ बापाकडे पाहिलं. ती नजर रागाची असती तर त्यानं ती गिळली असती. ती नजर विचारत होती, हे स्पष्ट दिसतंय की नाही, मला खरंच सांग.

तो उठला. मांडीवरचा पुठ्ठ्याचा ढग खाली पडला.

"बाई, मला बोलायचंय." आपला आवाज एवढ्या मोठ्या खोलीत त्यानं कधी ऐकला नव्हता. "हिची आई... म्हणजे मी तेव्हा म्हणालो, ती गेली—"

"च् च्," खोलीभर उसासा फिरला. बेकरीवाल्यानं टकलावरचा ढग काढून छातीशी धरला.

"नाही, नाही! ऐका." पुन्हा तेच क्रियापद, पुन्हा तीच खुर्ची पुढे सरकत होती. "गेली म्हणजे वारली नाही. निघून गेली. घर सोडून. मला सोडून. मुलीला नाही, मला. ती जिवंत आहे, नोकरी करते, दर रविवारी फोन करते. खारू सांगते ते सगळं खरं आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं की तुमचा गैरसमज झालाय. मी बोललो नाही. मुलगी खोटी ठरली तरी बोललो नाही."

कात्र्या थांबल्या होत्या. बाईंचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग हळूहळू लाल.

"म्हणजे," बेकरीवाला छातीवरचा ढग खाली घेत म्हणाला, "मी इतके दिवस चांगल्या धडधाकट बाईचा शोक केला?" कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विझलं. तो पुढे पुटपुटला, "आमच्या हिनं तर रडून घेतलं होतं हो."

"शोभलं नाही तुम्हाला," मॉनिटर उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता. सौदा मोडल्याबरोबर ती न्यायाच्या बाजूला जाऊन बसली होती. "लहान मुलांच्या शाळेत असं धादांत खोटं! आमच्या मुलांनी काय शिकायचं तुमच्याकडून? एवढ्या लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला लाज नाही वाटली?"

डोळ्यांत. तो शब्द तिनं सहज वापरला. त्याच्या जिभेवर उत्तर आलं, नेमकं, धारदार, ड्रॉवरमधल्या फ्रेमच्या रंगासकट. मग त्यानं ढगांच्या रांगेत पाहिलं. दोन वेण्यावाली पापण्या आवळून त्याच्याकडे बघत होती. तो कुठे उभा आहे हे तिला आवाजावरूनच कळत असणार. उत्तर त्यानं गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहणं त्यानं स्वतः निवडलं होतं.

"वाटते," तो म्हणाला.

मॉनिटर त्याच्याकडे बघत राहिली, कशाची तरी वाट बघत, आणि ते येत नाही असं पाहून खाली बसली.

"मग ती ओळ..." बाईंनी घसा साफ केला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "ती ओळ काय करायची?"

"आईच ठेवा," तो म्हणाला. "आधी होती तशी."

पेटी पुन्हा वाजली. मुलांना काय, त्यांनी शब्द लगेच बदलला. खारू मात्र या वेळी त्या ओळीला गायली नाही; ओठ मिटून, सगळ्यांना म्हणू देत, ती वरून ऐकत राहिली.

परतताना कुणी त्याच्याशी बोललं नाही. घोळके आता उघडले नाहीत. बेकरीच्या दारावरून जाताना बेकरीवाल्यानं मान वळवली, मग काय वाटलं कोण जाणे, आतून ओरडला, "उद्या या! विकत घ्यायला या!" खारू बापाचं बोट न धरता दोन पावलं पुढे चालत होती. वळणावर थांबून तिनं विचारलं, "तुला माहीत होतं. मग मला खोटारडी का होऊ दिलंस?"

त्याला पुष्कळ काही सांगता आलं असतं. "भित्रा आहे मी," एवढंच तो म्हणाला.

खारूनं त्यावर विचार केला, आणि घर येईपर्यंत करत राहिली.

रविवारी फोन वाजला तेव्हा तो खिडकीची काच पुसत होता. खारू धावली. तिचं बोलणं आतपर्यंत येत होतं: झग्याला चंदेरी कागद लावलाय, स्टूल जरा हलतं, पुढच्याच रांगेत बस. कार्यक्रमाला ती येणार, सगळ्या पालकांमधून चालत येणार, आणि लोक तिच्याकडे भूत बघितल्यासारखे बघणार. तिला कोण सांगणार होतं, कुठल्या शब्दांत? त्यानं काचेवरचा न जाणारा डाग पुन्हा पुसला. तो डाग बाहेरच्या बाजूला होता.

"आणि आई, एक सांगू?" खारूचा आवाज एकदम खुलला. "आता तू जिवंत आहेस! बाबानं सगळ्यांना सांगितलं!"

मग ती फोन दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरातून, खुर्चीला वळसा घालून, खिडकीपाशी आली.

"बाबा," ती म्हणाली, "आई विचारतेय, म्हणजे काय."

त्यानं फडकं ठेवलं, ओले हात सदऱ्याला पुसले, आणि फोन घेतला. कानाशी तिचा श्वास ऐकू आला, वाट बघत असलेला.

"ऐक," तो म्हणाला. "मी सांगतो."